पहिल्या फेरीची खुर्ची

४ तारीख, सोमवार

चष्म्याच्या दुकानाकडून दरवर्षी एक डायरी घरी यायची. ह्यांनी तिच्यात कधी एक ओळ लिहिली नाही. मी तिच्यात वाणसामानाची यादी करायचे. आता यादी एका माणसाची, ती पाठच असते. डायरी कोरी पडली होती, म्हणून आज लिहायला घेतलं. माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढचं वाचन मी पुड्यांचे कागद, दुकानांच्या पाट्या आणि डोळे तपासायच्या तक्त्यावर शिकले, त्यामुळे अक्षर खाली खाली बारीक होत गेलं तर ती तक्त्याची सवय समजावी.

आज चष्मेवाले भावजी घरी आले. हे त्यांच्याकडे एकतीस वर्षं काचा घासायला होते.

"वहिनी, उद्यापासून स्पर्धा."

"स्नूकरची?"

"दुसरी कुठली!"

दुकानाच्या मागच्या खोलीत एक टीव्ही आणि चार खुर्च्या आहेत. एक भावजींची, एक पोस्टमनभाऊंची, एक चित्रकलेच्या बाईंची. भाऊ आणि बाई दोघंही निवृत्त. चौथी ह्यांची. सामने दूर कुठेतरी होतात, आपण कामावर असताना. भावजी ते टीव्हीवर साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाल्यावर चौघं मिळून बघायचे. नियम एकच. निकाल कोणी आधी बघायचा नाही, ऐकायचा नाही, वाचायचा नाही. दारात भावजी प्रत्येकाला विचारतात, "कोरे का?" आपण "कोरा" किंवा "कोरी" म्हणायचं, फोन चष्म्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि आत जायचं.

गेल्या वर्षी याच स्पर्धेत, सुतार आणि उंट अशी नावं ठेवलेल्या दोन खेळाडूंच्या सामन्यात, हे त्या खुर्चीवरून खाली कोसळले. सुतार चार-तीन पुढे होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर कळलं, उंट पाच-चार जिंकला. माणूस गेला याचं दुःख आहेच, ते रोजचं आहे, त्याच्याशी माझं जमलंय. पण सामना अर्धा टाकून गेले, शेवट काय झाला ते कळलंच नाही, हे मात्र अजून सलतं.

तर ती खुर्ची. भावजींचा मेहुणा, लिफ्ट दुरुस्त करणारा, तो मागतोय. बाई म्हणाल्या, खुर्चीवर पहिला हक्क वहिनींचा. मेहुणा म्हणाला, ज्याला खेळ कळतो त्याचा. शेवटी असं ठरलं, की पहिल्या फेरीचे आठ सामने आठ संध्याकाळी. रोज बघण्याआधी चिठ्ठीवर विजेता लिहायचा. मी आणि मेहुणा, दोघांत ज्याचे जास्त बरोबर, त्याची खुर्ची. तोवर ती रिकामी, आम्ही दोघं स्टुलावर.

मी हो म्हणाले. का म्हणाले देव जाणे.

५ तारीख, मंगळवार

खेळ मला माहीत आहे. सव्वीस वर्षं रोज जेवताना ऐकलाय. हिरवं टेबल, सहा भोकं, एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल. पांढऱ्याने सगळ्यांना ढकलायचं, पण स्वतः पडायचं नाही. डावाला फ्रेम म्हणतात, आधी पाच घेईल तो पुढच्या फेरीत आणि दुसरा घरी. बघितला मात्र आज पहिल्यांदा. हे सांगताना जो धुरळा उडवायचे, तो टेबलावर काही दिसेना. दोन माणसं लग्नातल्यासारखी बटणं लावून उभी आणि एक जण खडू घासतोय.

खेळाडूंची नावं कोणी घेत नाही, सगळ्यांना ठेवलेली नावं आहेत. आज चुळबुळ्या विरुद्ध गुरुजी.

"हा चुळबुळ्या बघा," भाऊ म्हणाले, "एका जागी दोन क्षण उभा राहील तर शपथ."

"पँट घट्ट आहे त्याची," बाई विणता विणता म्हणाल्या.

"बाई, तुम्ही चेंडू बघा."

"चेंडू गोलच आहेत. त्यांत बघायचं काय?"

मी चुळबुळ्या लिहिला होता, कारण त्याचं नाक आमच्या जावयासारखं आहे. मेहुण्याने गुरुजी लिहिले. गुरुजी पाच-एक. मेहुणा टाळी मागायला आला. दिली. काय करणार?

उशी मात्र खुर्चीवर तशीच आहे, मी शिवलेली, निळी. हे चष्म्यावरच बसायचे म्हणून तिला मागे एक कप्पाही शिवला होता.

६ तारीख, बुधवार

पुन्हा चुकले. मेहुणा दोन, मी भोपळा. लेकीचा फोन आला. "आई, तुला त्यातलं काय कळतं?" म्हटलं, "तुझ्या बाबांना तरी काय कळत होतं, निम्मे अंदाज चुकायचे त्यांचे." ती म्हणाली, "तरी रोज इतके खूश होऊन यायचे."

खरंच यायचे. चुकलेल्या दिवशी तर जास्तच.

७ तारीख, गुरुवार

आज माझ्या हातून पाप घडलं.

आमच्याकडे पेपरला खेळाचं पानच नसतं, असं मी कित्येक वर्षं समजत होते. ते हे सकाळी उठल्या उठल्या काढून न्यायचे, काचा पुसायला. म्हणायचे, त्या पानाची शाई काचेला लागत नाही. आता काढून न्यायला कोणी नाही, म्हणून पेपर सगळा माझ्या हाती येतो. स्पर्धा सुरू झाल्यापासून मी त्या पानाला न बघता कपड्यांचा चिमटा लावून ठेवत होते. आज चादर वाळत घालायला एक चिमटा कमी पडला. पानाचा काढला. वारा आला. पान उलटलं. अक्षर दिसलं की माझ्याकडून वाचलं जातं, बाटलीवरचं असो की भिंतीवरचं, पंचावन्न वर्षांचं व्यसन आहे.

सुतार पाच, पंडित तीन.

दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. जाऊ नये असं ठरवलं आणि सव्वासातला चपला घातल्या.

"कोऱ्या का, वहिनी?"

"कोरी," म्हणाले. आवाज इतका साफ निघाला की माझी मलाच भीती वाटली.

सुतार लिहिला. पंडित तीन-शून्य पुढे गेला तेव्हा मेहुणा माझ्याकडे बघून हसत होता आणि मी मेथी निवडत बसल्यासारखी शांत. मग सुतार एकेक फ्रेम घेत गेला. मला वाटलं होतं, निकाल माहीत असल्यावर मजा येणार नाही. पण कमालच. शेवट माहीत असूनही तो काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी थबकला तेव्हा मी स्टुलावरून उठून ओरडले, "अरे पड की मेल्या!" आणि तो पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग पोस्टमनभाऊंनी अशी शिट्टी मारली की बाईंच्या सुईवरचे चार टाके सुटले.

घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते.

९ तारीख, शनिवार

काल मी बरोबर, मेहुणाही बरोबर. आज मी बरोबर, तो चूक. तीन-तीन.

पेपर मी रोज कपाटावर टाकते, हात पोचणार नाही असा. मग साडेनऊला कपाटावरची धूळ पुसायची असते, म्हणून स्टूल घ्यावं लागतं.

या मंडळींची मला गंमत वाटते. इतकी वर्षं बघतात, पण अंदाज यथातथाच. पोस्टमनभाऊ चिठ्ठीवर आधी एक नाव लिहितात, मग गालात हसतात, ते खोडतात आणि दुसरं लिहितात. हमखास खोडलेलंच जिंकतं. मी म्हटलंसुद्धा, "भाऊ, मनाचं पहिलं म्हणणं ऐकत जा." त्यांना इतका ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

चहा करायला भावजी उठतात ते मात्र नेमके रटाळ फ्रेमला. काही घडायच्या आत कप घेऊन परत. मेहुणा बिचारा हात धुवायला गेला की तेवढ्यात हमखास काहीतरी होतं. अनुभव म्हणतात तो हाच. आज तर बाईंनी विणकाम खाली ठेवलं आणि चष्मा पुसला, आणि बरोबर पुढच्याच फटक्याला उंटाने चेंडू तीन कडांना आपटून लाल भोकात घातला! चित्रकारांची नजरच वेगळी.

११ तारीख, सोमवार

काल दोघं बरोबर, आज दोघं बरोबर. पाच-पाच. उद्या शेवटचा सामना.

मेहुण्याने आज विचारलं, "काकू, तुम्हाला हे कळतं तरी कसं?"

मी काही म्हणायच्या आत भावजी म्हणाले, "वरून सांगतो तो. दुसरं काय!" आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

बाकीच्यांनी मान हलवली. माझं तोंड कडू झालं. ह्यांच्या नावावर मी खोटं खपवते आहे. हा माणूस सव्वीस वर्षं कोरा गेला आणि कोरा आला. चुकला, हरला, चिडवून घेतलं, पण कधी पेपरला हात लावला नाही. लावला तो फक्त काचा पुसायला. त्याच्याच खुर्चीसाठी मी स्टुलावर चढून निकाल बघते.

मेहुणा वाईट नाही. पेपर वाचायचा त्याला कंटाळा येतो, म्हणाला. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उभा असतो, फोनही लागत नाही तिथे. सामना सुरू झाला की त्याचा जबडा खाली पडतो तो संपेपर्यंत. हरला तरी म्हणतो, "काय खेळला यार!"

उद्या पेपर बघायचा नाही. शेजारी देऊन टाकीन.

१२ तारीख, मंगळवार

सकाळी सात वाजता. पेपर शेजारी दिला.

सात वाजून दहा मिनिटं. परत मागून आणला. नवरदेव पाच, मुनीम दोन.

आता रात्र झालीय. उद्या नीट लिहीन म्हणाले होते, पण लगेच लिहिलं नाही तर झोप येणार नाही. जे झालं ते असं.

मुनीम म्हणजे तो, जो प्रत्येक फटक्याआधी टेबलाभोवती फिरून हिशेब मांडतो. त्याने पांढरा मारेपर्यंत भावजी दोनदा जांभई देतात. नवरदेव देखणा, केस एकही हलत नाही. दारात बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, आज नवरदेव हं. मला आपलं वाटतं." आत पोस्टमनभाऊ छताकडे बघत म्हणाले, "नवरदेवाचा दिवस दिसतोय." मला भरून आलं. आपल्या मनातला अंदाज त्यांनी माझ्यासाठी उघड केला. चिठ्ठ्या उघडल्या तर पहिल्यांदाच आम्हा चौघांचं एक नाव निघालं. मेहुण्याची एकट्याची चिठ्ठी मुनीम.

"एकटा पडलास रे," भावजी म्हणाले.

"पडू दे. मुनीम लायक आहे, दाजी."

पहिली फ्रेम नवरदेव. दुसरी, तिसरी मुनीम. आम्ही मजेत. दोन त्याच्या ठरलेल्याच होत्या. चौथी नवरदेव. दोन-दोन. आता मुनीमाला एकही मिळणार नव्हती. मी तर मनातल्या मनात उशी झटकून खुर्चीत बसलेही होते.

पाचव्या फ्रेमला मुनीम टेबलाभोवती फिरू लागला आणि चेंडूमागून चेंडू घालू लागला. काळा, लाल, काळा, लाल. थांबेचना. आणि फ्रेम घेतली. तिसरी!

मी चष्मा सारखा करून आकडा पुन्हा वाचला. पण मी सोडून इतरांना काय झालं होतं ते मला कळेना. बाईंची सुई हवेत राहिली. पोस्टमनभाऊ उभे राहून म्हणाले, "हे कसं शक्य आहे?" भावजींनी उठून टीव्हीच्या पाठीवर थाप मारली, चित्र तर चांगलं स्वच्छ होतं.

मेहुणा आमच्याकडे बघतच राहिला. "अहो, तीन-दोन तर झालंय. सामना कुठे संपला?"

"भलताच सामना लावला नाहीस ना?" बाईंनी भावजींना विचारलं.

"कालचाच आहे."

"मग तिसरी कशी?"

"तिसरी काय, चौथीही घेईल," मेहुणा म्हणाला. मुनीमाने चौथी घेतली. पाचवीही घेतली. पाच-दोन. आकडे पेपरात होते तेच, माणसं उलटी.

मेहुणा स्टुलावर चढून नाचला. आम्ही चौघं पुतळे. भाऊ पुटपुटले, "त्या छापखान्याला आग लावली पाहिजे." छापखान्याचा काय संबंध? हरल्यावर माणूस कशावरही चिडतो.

मला ते सहन होईना. मी उभी राहिले. "मी कोरी नव्हते," म्हटलं. "गुरुवारपासून नाही. रोज पेपरात निकाल वाचून येत होते. आज पेपरवाल्यांनी नावं उलटी छापली आणि मी तोंडावर आपटले. खुर्ची ह्याची. मला माफ करा."

भावजी चष्मा पुसायला लागले. बाई सुटलेला टाका शोधत होत्या. भाऊ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले, जणू कोणी पत्ता लिहून ठेवलाय त्यांवर.

मेहुण्याच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलं नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. "म्हणजे काकू," तो म्हणाला, "पेपर फोडूनसुद्धा नापास?" आणि भिंतीला टेकून हसत खाली बसला. त्याचं बघून मला हसू फुटलं. मग बाईंना. भाऊ तर डोळे पुसत होते.

"वहिनी," भावजी शेवटी म्हणाले, "डोळे आहेत, ते वाचणारच. चष्मेवाला सांगतोय तुम्हाला."

"बसा हो," भाऊ म्हणाले. "यात काय एवढं."

एकही जण मला टाकून बोलला नाही. नियम मोडला मी, आणि माना खाली त्यांच्या. किती मोठ्या मनाची माणसं!

मेहुण्याला म्हटलं, "खुर्ची तुझी. उशी माझी." आणि घेऊन आले.

१३ तारीख, बुधवार

पेपरात खेळाच्या पानावर तळाशी दिलगिरी छापली आहे. तक्त्याच्या शेवटच्या ओळीएवढी बारीक.

उशीचा अभ्रा धुवायला काढला. कप्प्यात काहीतरी कडक लागलं. वाटलं, चष्म्याचं फडकं असेल.

कात्रण होतं. दुकानातल्या कात्रीने सरळ कापलेलं, वर तारीख ठेवून. त्यात एक ओळ ह्यांच्या लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली, काचांवर खूण करायची पेन्सिल. उंट पाच, सुतार चार.

आधी वाटलं, आठवण म्हणून सामन्यानंतर कापून ठेवलं असेल. मग लक्षात आलं की सामन्यानंतर असं काही नव्हतंच. ते त्या खुर्चीवरून उठले ते परत आलेच नाहीत. तारीख बघितली. तीच. त्याच सकाळचा पेपर. त्याच सकाळी हे पान काढून घेऊन गेले होते, काचा पुसायला.

मी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले.

म्हणजे माहीत होतं! सकाळपासून माहीत होतं, उंट जिंकतो ते. आणि भावजींनीच मला सांगितलं होतं, त्या संध्याकाळी ह्यांनी चिठ्ठीवर सुतार लिहिला होता आणि सुतारासाठी घसा फोडून ओरडत होते. मग मला सगळं दिसायला लागलं. चुकल्यावर खूश होऊन येणं. जेवताना हातातला घास तसाच धरून "आणि मग काय झालं असेल, सांग!" म्हणणं. शाई न लागणारं पान!

लबाड. लबाड माणूस!

वर्षभर मी झुरले की सामना अर्धा टाकून गेले. अर्धा कुठला! शेवट सकाळीच खिशात घालून गेले होते. मला इतकं हसू आलं की पोट दुखायला लागलं, आणि त्याच हसण्यात बराच वेळ रडून घेतलं. दोन्ही वेगळं काढता येईना, मग काढलं नाही. शेजारीण विचारायला आली, काय झालं. म्हटलं, "सामना संपला." तिला काही कळलं नाही.

लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग बाकीचे तिघं पण..."

मी तिला तिथेच थांबवलं. ते तिघं तसले नाहीत. सरळ, साधी माणसं आहेत. त्यांना ही गोष्ट मी कधीच कळू देणार नाही. इतकी वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो असा निघाला म्हटल्यावर त्यांना काय वाटेल?

१४ तारीख, गुरुवार

दुपारी मेहुणा आला. म्हणाला, "काकू, त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. काकांनी एवढी वर्षं सहन कसं केलं?" म्हटलं, "त्यांना बऱ्याच गोष्टी जमायच्या." मग म्हणाला, "दुसरी फेरी आजपासून. आता चिठ्ठ्या नाहीत, चढाओढ नाही. तुमची स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन येतो की. पाच बसतील त्या खोलीत, मी जागा मोजलीय." नेली.

तो यायच्या आधी, सकाळीच, पेपर आला होता. कपाटावर टाकला नाही. चिमटा लावला नाही. चहा केला, चष्मा लावला, खेळाचं पान उघडून निकाल सावकाश वाचला. मग कात्रीने सरळ कापला, वर तारीख ठेवून, आणि उशीच्या कप्प्यात ह्यांच्या कात्रणाला लावून ठेवला.

सव्वासातला उशी काखेत घेऊन दुकानात पोचले. रांगेत माझ्यापुढे भाऊ, बाई आणि मेहुणा होते.

"कोरे का?"

"कोरा," भाऊ म्हणाले.

"कोरी," बाई म्हणाल्या.

"कोरा!" मेहुणा म्हणाला, त्याचा जबडा आतापासूनच खाली.

मग भावजी माझ्याकडे वळले. जरा थांबले. "वहिनी? कोऱ्या?"

मी उशी छातीशी घट्ट धरली. "अगदी कोरी," म्हणाले, आणि आत जाऊन बसले. आज उंट आहे. मी चुकीच्या माणसासाठी ओरडणार आहे.